अर्थिंगच्या खड्ड्यातली तेलकट वाळू

जालन्यात आमच्या तेलाच्या गिरणीत विजेची मोटर बसली, तेव्हा मी पंचविशीत होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. वायरमननं गिरणीमागे खड्डा खणला, तळाशी लोखंडी पत्रा उभा केला आणि मोटरच्या अंगापासून एक जाड तार त्याला जोडली. आत कुठं वायर उघडी पडली, तर करंट माणसाच्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत जावा, यासाठी ही अर्थिंगची खटपट.

"पण शेठ, इथली जमीन नदीकाठची, रेताड," तो म्हणाला. "वाळू पाणी धरत न्हाई, अन् सुकी वाळू करंट नेत न्हाई. खड्ड्यात शेतातली काळी माती भरा, अन् रोज बादलीभर पाणी घाला."

काळ्या मातीसाठी बदनापूरच्या बाजूला बैलगाडी धाडावी लागली असती. इकडे अंगणात वाळूचा ढीग आयताच पडलेला. सांडलेलं तेल टिपायला घाण्याजवळ वाळू पसरायची आणि ती काळी पडली की झाडून मागे टाकायची, ही आमची रीत. आम्हा मारवाड्यांच्या घरात वस्तू वाया गेली की घास उतरत नाही. वायरमनची पाठ वळताच मी तीच वाळू खड्ड्यात भरली.

पाणी मात्र रोज स्वतः घालायचो, इमानेइतबारे. ते वर साचून राहायचं, थेंब अळूच्या पानावर फिरावेत तसे वाळूवर फिरायचे. मी आमच्या मिस्तरींना बोलावून दाखवलं. "बघा, म्हणे वाळू पाणी धरत नाही! खड्डा इतका भिजलाय की आता आणखी पाणी घेत नाही."

मिस्तरी माझ्या वडिलांच्या वयाचे, हयात घाण्यावर गेलेली. म्हणाले, "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर बराबर असंल."

उन्हाळ्यात एका सकाळी, नुकत्याच धुतलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यांनी चालू मोटरवर हात ठेवला आणि तिथंच चिकटले. तोंड उघडं, आवाज नाही. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. ते कोसळले. छाती हलत नव्हती. मग उचकीसारखा एक श्वास आला.

जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र भाजून काळी पडली होती.

दुपारी वायरमनला मोटरच्या आत उघडी पडलेली वायर सापडली, मग त्यानं खड्डा उकरला. वर पातळसा ओला थर आणि खाली सगळी वाळू कोरडी ठणठणीत. सहा महिने मी पाणी ओतत होतो आणि ते कडेनं वाहून जात होतं! पत्र्याजवळची मूठभर वाळू त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. "तेल प्यालेली वाळू पाणी काय पिणार, शेठ? मंग करंट जाणार कुठून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोटर दुरुस्त झाली, काळी माती आली, भरली, मुरेपर्यंत भिजवली. वायरमननं सगळं तपासून दिलं. महिन्यानं मिस्तरी कामावर आले, तेव्हा मोटर चालू होती.

"आता बिलकुल भीती नाही, मिस्तरी. लावा हात."

त्यांनी हात मागे घेतला. "न्हाई शेठ. आधी तुम्ही लावा."

मी लावला. पण तो लावायला मला किती वेळ लागला, हे ते बघत उभे होते.