सील न लागलेलं दार

जानेवारी २००८मधली सकाळ. इंग्लंडमधल्या रीडिंग शहराजवळच्या त्या औषध कंपनीत लोक अजून कोटच काढत होते, तेवढ्यात युरोपियन कमिशनची माणसं अचानक तपासणीला आत आली. "प्लीज, कीबोर्डला हात लावू नका," करड्या केसांची एक बाई नम्रपणे म्हणाली. पोलीस नव्हते, आरडाओरडा नव्हता, तरी स्नेहलनं हात झटकन मागे घेतले.

स्नेहल पेटंट विभागात होती. नागपूरला फार्मसी शिकलेली, इथे वर्क परमिटवर आलेली. कंपनीच्या रक्तदाबाच्या औषधाचं पेटंट संपत आलं होतं. तीच गोळी स्वस्तात आणू पाहणाऱ्या दुसऱ्या कंपनीला पैसे देऊन थोपवलंय, असा कमिशनला संशय होता. तपासणी दिवसभर चालली. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी फाइल रूमच्या दाराला निळं सील चिकटवलं आणि ते तुटलं तर जबर दंड होईल, असं सगळ्यांना बजावलं.

थोड्या वेळानं कॉफी मशीनपाशी गिरीश तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो तिच्या विभागाचा प्रमुख. मूळचा पुण्याचा, पण वीस वर्षं लंडनच्या ईलिंगमध्ये काढलेला. ऑफिसात तिच्याशी कधी चुकूनही मराठी बोलला नव्हता. आज बोलला.

"हसत राहा, स्नेहल. यांना मराठी कळत नाही. फाइल रूमला लॅबकडून दुसरं दार आहे, ते यांनी पाहिलेलंच नाही. आतल्या कपाटातून हिरवी फाइल काढ आणि माझ्या गाडीत नेऊन ठेव."

"सर, मी?"

"तुझ्यावर कोण संशय घेणार? आणि तुझ्या परमिटचं एक्स्टेन्शन माझ्याच सहीसाठी थांबलंय ना? मुलगी आत्ता कुठे नर्सरीत रुळलीय म्हणालीस."

मागे दोन अधिकारी उभे होते. स्नेहल खरंच हसली. तिच्या त्या हसण्याची तिलाच किळस आली.

लॅबच्या कॉरिडॉरमध्ये ती पुढे जाईल तसे दिवे आपोआप लागत गेले. आपण कुठे आहोत ते सगळ्या इमारतीला दिसतंय, असं तिला वाटलं. दाराची मूठ दाबली तर ते सहज उघडलं. आत अंधार होता. पकडलं तर काय होईल, तुरुंग की भारतात परत जाणारं पहिलं विमान? आणि फाइल नाही आणली, तर? तिनं नवऱ्याला, सम्यकला फोन लावला आणि कुजबुजत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "दार लाव. बाकीचं आपण बघू."

"अरे, परमिट गेलं तर? घर, नर्सरी..."

"स्नेहल, आधी दार लाव."

तिनं दार ओढून घेतलं. तेवढ्यात मागे पावलं वाजली. गिरीश होता.

"झालं?"

कॉरिडॉरच्या टोकाला ती करड्या केसांची बाई फोनवर बोलत उभी दिसली. स्नेहल इंग्रजीत आणि मोठ्यानं बोलली, "नो, गिरीश. आय वोन्ट गो इन देअर."

बाईनं वळून पाहिलं. गिरीशचा चेहरा पांढराफटक पडला. थोड्याच वेळात त्या दारावरही निळं सील लागलं.

हिरव्या फाइलीत काय होतं, हे स्नेहलला कधीच कळलं नाही. गिरीश दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेला आणि पुन्हा आला नाही. तिला कुणी जाब विचारला नाही, पण कुणी जेवायलाही बोलावेना. परमिटचं विचारलं की एचआर म्हणे, "बघतोय." शेवटी एक्स्टेन्शन आलंच नाही. दाराची बेल वाजली तरी ती आधी पडद्याआडून बघायची. तोवर सम्यकला स्वतःचं वर्क परमिट मिळालं होतं, त्यावर ती डिपेन्डंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली बायको, म्हणून राहिली आणि पुढच्या वर्षी एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत तिला पेटंटचंच काम मिळालं.

जाण्याआधी ईलिंगच्या एका दुकानात गिरीश अचानक समोर आला. स्नेहलनं मुलीला जवळ ओढलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, भाजीची टोपली तिथेच खाली ठेवली आणि काही न घेता घाईघाईनं बाहेर पडला. तोही तिला घाबरला असेल, हे तिला घरी पोचेपर्यंत सुचलंच नाही.