अन्नपूर्णादेवी काशीला गेल्या

काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या दिनानाथशास्त्र्यांची अंतरा नटी व्हायला मुंबईला गेली, तेव्हा फार तर दोन वर्षं टिकेल असा गल्लीचा हिशेब होता. ती अकरा वर्षं टिकली. आधी पडद्यावर नर्स झाली, मग नायिकेची मैत्रीण, आणि तेहतिसाव्या वर्षी एका हिंदी मालिकेत सव्वीस वर्षांच्या घोड्याएवढ्या मुलाची आई, अन्नपूर्णादेवी. केस पांढरे करून का होईना, बाई घरोघर पोचली.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिने पंधरा दिवसांची रजा मागितली. निर्मात्यांनी लगेच दिली. तेवढे दिवस अन्नपूर्णादेवींना काशीयात्रेला धाडू, म्हणाले. अंतरा काशीला आईकडे आली आणि पडद्यावरची अन्नपूर्णाही काशीला निघाली. त्याला सहा महिने झाले. आई जिने चढू लागली तरी बोलावणं येईना. फोन केला की लेखक बघताहेत, एवढंच उत्तर. करारामुळे दुसरं काम घेता येत नव्हतं. अंतरा फोन घेऊन गच्चीवर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. भाजी चिरता चिरता परतीच्या प्रसंगाचे संवाद स्वतःच रचून पुटपुटे. मालिका बघणाऱ्या शेजारच्या प्रमोदिनीकाकू भेटल्या की विचारत, सून घर बुडवायला निघालीय, तू जाणार कधी? तिला तो प्रश्न चावायचा. आपल्यावाचून त्या घराचं काही अडत नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

एका संध्याकाळी आईने केबल गेलीय म्हणून टीव्ही लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पेढे घेऊन दारात हजर.

"शूटिंग करून परत कधी आलीस गं? काल बघितलं मी. तू घरी पोचलीस, बहू पाया पडली. मला तर रोनाच आला."

अंतराने वळून आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

"दुसरी घेतलीय," आई हळूच म्हणाली. "परवा जाहिरातीत दिसली. तुझीच साडी नेसवलीय तिला."

काकूंना ते ऐकू गेलं नाही. अंतरा परकरात होती तेव्हापासून त्या तिला बघत आल्या होत्या, आणि तरी ओळखलं नव्हतं. अंतराला भयंकर राग आला; नेमका कोणाचा, ते तिलाही कळेना. ती मी नव्हे, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

"घरी जाऊन बरं वाटलं, काकू," ती म्हणाली.

काकूंनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"आता तिथेच राहा, बेटा. पुन्हा काशीला येऊ नकोस."