नैवेद्याचा दोडका

सत्तर साली लग्न होऊन नेवाशाजवळच्या सासरी आले, तेव्हा माझ्या पहिल्याच महालक्ष्म्या होत्या. नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी असते. त्यात एक दोडका कडू निघाला तरी सगळं पातेलं वाया जातं, म्हणून चिरताना मी प्रत्येक दोडक्याचं टोक चाखून बघत होते.

सासूबाई कडाडल्या, "निवदाच्या आधी तोंड लावतीस व्हय?"

"मग देवीला कडू वाढू का, आत्याबाई?" मी म्हणाले आणि दोन दोडके बाजूला टाकले.



पुढच्या वर्षी मी पुरण वाटून आले, तर सासूबाई विळीवर बसलेल्या, महालक्ष्म्यांकडे पाठ करून, तोंडात दोडक्याचं टोक.