आप्पांची बातमी आणि माझा कुकर

मंडळी, माझी एक गंभीर तक्रार आहे. कुकरची शिट्टी कुठं दुरुस्त होते, एवढंच मी एकदा शोधलं. तेव्हापासून मोबाईल उघडला की कुकरच कुकर.

आज सहज शहापुरात, आमच्या जुन्या गल्लीत, आप्पांकडं चहाला गेलो. दारात रक्षाविसर्जनाहून आलेली माणसं पाय धूत होती. माणसं मोजकीच होती.

"अण्णा, आत्ता आलासा?" आप्पांची लेक म्हणाली. "गल्लीच्या पेजवर परवाच टाकलतं की."

मला दिसलं नव्हतं. मागच्या गल्लीतल्यांनाही नाही.

"पैसं भरल्याबिगर समद्यास्नी दाखवत न्हाय म्हणं. बापाच्या मरणाची जाहिरात करू व्हय?"

गल्लीतली प्रत्येक निधनवार्ता चौकातल्या फळ्यावर आप्पाच खडूनं लिहायचे. माझ्या वडिलांचीही त्यांनीच लिहिली होती, आणि त्या दिवशी गल्लीत माणूस मावत नव्हतं. पुढं सगळ्यांकडं मोबाईल आले आणि फळा आपणच बंद केला. कुणाला काय दाखवायचं, हे त्या फळ्याला ठरवता येत नव्हतं.

तुमच्या गल्लीत कोण गेलं, हे तुम्हाला आता कोण सांगतं?

परतताना खडू घेतला, फळ्यावरची धूळ पुसली आणि आप्पांचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'कळवायला उशीर झाला.'