रुमालावरची हवा

सकाळी सहाला समोरचे दादाजी ओट्यावरच्या तारेवर एक ओला पांढरा रुमाल घालायचे. आठला काढून उजेडाकडे धरायचे, अंगठ्याने काठ चोळायचे आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हिरवी", नाहीतर "लाल".

ते रेल्वेत गार्ड होते. हिंदी मुलखातल्या तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यात, आमच्या समोरच घर. स्वतः पाहिल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवायची नाही, ही नोकरीतली सवय त्यांनी निवृत्तीनंतर हवेला लावली. कारखान्यांकडून वारा आला की रुमालावर काळी पूड बसे. लाल म्हटलं की बायका वाळत घातलेले पापड, डाळीच्या बड्या आत घेत. शाळेला निघालेली पोरं विचारत, "दादाजी, आज ग्रीन है क्या?" पोरं मराठी घरांतलीच. ते उत्तर मात्र मराठीतच देत.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आधी त्याचं हसू येतं, मग त्याच्यावाचून दिवस सुरू होत नाही.

शाळेत जाताना मी थांबलो की हवापाण्यावर बोलणं व्हायचं. "मास्तर, थंडी आता पॅसेंजर गाडी झाली. कधी लेट, कधी रद्दच." तरुणपणी कोळशाच्या इंजिनाचा धूर पुष्कळ खाल्ला, पण तो येताना दिसायचा तरी, असं ते म्हणत.

एकदा शेजारणीने तारेखालीच शेगडी पेटवली. रुमाल काळा निघाला आणि दिवसभर गल्ली लाल. संध्याकाळी उलगडा झाल्यावर ते दारोदार जाऊन चूक कबूल करून आले. "माझ्या एका शेगडीनं अख्ख्या पाऱ्याचे पापड अडवले की हो," शेजारीण म्हणाली. सगळे हसले, ते नाही.

हे सारं मुळात त्यांच्या बायकोसाठी, काकूंसाठी होतं. त्यांना दमा होता. हवा बरी असेल तरच बाहेर बसा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंना हवं असायचं ते हिवाळ्यातलं ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी चार शब्द. दाराआडून त्या विचारत, "काय म्हणते तुमची हवा?" लाल ऐकलं की निमूट आत जात. नवऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

आज दोघंही नाहीत. मला आठवते ती काकूंच्या शेवटच्या हिवाळ्यातली सकाळ. ओळीने अकरा दिवस लाल गेले होते. आता औषधाचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी दादाजींना सांगितलं होतं आणि दादाजींनी मला. बाराव्या दिवशी मी फाटकाशी होतो. त्यांनी रुमाल काढला. राखेच्या रंगाचा. तो खिशात कोंबला, दुसऱ्या खिशातून घडीचा पांढरा काढून दाराकडे धरला आणि म्हणाले, "हिरवी." आवाज फक्त दारापर्यंत पोचेल एवढाच.

मग माझ्याजवळ आले. "मास्तर, बाकीच्यांले घरोघर सांगजा. आज लाल आहे."

मी सांगून परतलो तेव्हा काकू उन्हात बसून भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होत्या, मधूनच खोकत होत्या. ते पायरीवर, काकूंचा दम्याचा पंप मुठीत धरून.

"पाहा बरं, किती मोकळं वाटून राहिलं," काकू म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले, आणि काकूंच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिले.