हातोडावाल्या पूनमचे शेजारी

दुसऱ्याच्या दाराला कान लावून बसायची मला सवय नाही. पण आमचं दारच नीट लागत नाही, त्याला मी काय करू? सुरतेत पर्वत पाटिया भागात आमची सोसायटी, आणि पूनमचं घर अगदी समोर. दारामागच्या खिळ्यावर पिशव्या साठतात ना, तसे तिचे किस्से माझ्याकडे साठलेत.

पूनम हातोडा फेकते. खिळे ठोकायचा नव्हे हो! चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. गरगर फिरायचं आणि सोडायचा.

* * *

पहिला हातोडा तिच्या वडिलांनीच, भाऊंनी, केला. भाऊ मूळचे अमळनेरचे, इथे कापड विणायच्या लूमवर कामाला. लूमच्या बीमला लटकवायचं जुनं वजन घेतलं, त्याला तार बांधली, झालं!

सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर ती फेकायची. महिनाभरात तिथे खड्डेच खड्डे! तेवढ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम आला. आमच्या चेअरमनकाकांनी तयार खड्डे बघितले आणि प्रत्येकात एकेक कडुनिंब लावला. फोटोबिटो झाले. मग पूनमला हाक मारून गुजरातीत म्हणाले, "बेटा, हवे जरा दूर फेंक. हजी दस रोपा बाकी छे!"

* * *

एकदा उन्हाळ्यात मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आमचे खानदेशी पापड, वाळत घातले होते. मधे थोडी जागा रिकामी. वर जाऊन बघते तर त्या जागेत ही बया गिरक्या घेतेय!

"पोरी, पाय! पाय बघ!" मी ओरडले.

चार गिरक्या घेऊनच थांबली. एक बिबडा मोडलेला नाही!

"मावशी, आमची रिंग अशीच असते. रेषेबाहेर पाय गेला की फाउल."

दुसऱ्या दिवशी तिला हातोडा शिकवणारे सर जिने चढून माझ्या दारात. मला वाटलं, तक्रार आहे. म्हणाले, "काकी, बिबडे उद्यापण घालाल का?"

* * *

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलाच्या आईंनी पूनमचा हात हातात घेतला आणि दचकल्याच. "एवढे घट्टे कसले गं?"

मी मध्ये पडले. "लोखंड फेकते ती!"

मुलगा समजूतदारपणे म्हणाला, "माझी हरकत नाही. लग्नानंतर सोडलं म्हणजे झालं."

पूनमने शांतपणे विचारलं, "आणि तुम्ही काय सोडणार?"

त्याने पोह्यांची प्लेट खाली ठेवली!

पण भाऊंना हसू आलं नाही. स्थळ चांगलं, मुलगा नोकरीवाला. पाहुणे गेल्यावर पूनमला म्हणाले, "राज्यस्पर्धेत पहिली आलीस तर खेळ. नाही तर धुळ्याला होकार."

पूनम "बरं" म्हणाली आणि पोह्यांच्या प्लेटा उचलायला लागली. घाम मला फुटला!

* * *

स्पर्धेला भाऊंना सुट्टी मिळाली नाही. आम्ही सोसायटीतल्या अकरा बायका टेम्पो करून गेलो.

पूनमची पहिली फेक. गोळा पडला, पंचांनी लाल झेंडा वर केला. आमच्या टाळ्या, शिट्ट्या! दुसरी फेक, परत लाल झेंडा. आम्ही तर उठून नाचलोच.

मागे एक गुजराती आजोबा बसले होते. म्हणाले, "बेन, लाल एटले फाउल. त्रीजो पण गयो तो छोकरी घेर!"

अकराच्या अकरा खाली बसलो.

तिसऱ्या फेकीला झेंडा पांढरा. पण आता एकीची टाळी वाजवायची हिंमत होईना. शेवटी पूनमच मैदानातून ओरडली, "मावशी, आता वाजवा ना!"

* * *

तिच्या त्या फेकीपुढे शेवटपर्यंत कुणी गेलं नाही. पंचावन्न मीटर!

मी तिथूनच भाऊंना फोन लावला. कारखान्यात लूमची ही धडधड! मी किंचाळतेय, त्यांना काही ऐकू जाईना. मुकादमाने फोन घेतला. त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने सरळ मेन स्विच पाडला. चालू पाळीत सगळे लूम बंद! एकदम चिडीचूप.

"भाऊ, पूनम पहिली आली! पंचावन्न मीटर!"

 तिकडे भाऊ मुकादमाला विचारताना ऐकू आले, "काल पाळीभरात माझ्या लूमवर किती मीटर कापड निघालं?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हणजे पोर एका फेकीत सात मीटर पुढे!" भाऊ पुटपुटले. मग मला आपल्या अहिराणीत म्हणाले, "शोभाताई, धुळाले सांगी द्या. मनी पोर हातोडा सोडनार नही."