बदकातली शिटी

सूनबाईने उल्हासनगरच्या बाजारातून आमच्या कुत्रीसाठी कापडी बदक आणलं होतं. चावलं की ते वाजायचं आणि कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत माझी दुपारची झोप मोडायची. एका दुपारी मी त्याची शिवण उसवून आतली प्लास्टिकची शिटी काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

संध्याकाळी बदक फाटलेलं, शिटी गायब आणि कुत्री ओकत होती.

"आण अजून स्वस्तातलं," मुलगा बायकोवर चिडला.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "शिटी आतड्यात अडकली तर जीव जाईल. प्लास्टिक एक्स-रेत नीट दिसत नाही. पोट उघडून बघावं लागेल."

सूनबाईने मला विचारलं, "बाबा, तुम्ही घरी होतात ना? तिला काही गिळताना पाहिलंत?"

मी "नाही" म्हणालो. ते खरंच होतं, आणि त्यातच मी अडकलो. शिटी माझ्या खिशातच राहिली.

पोटात बदकातला कापूस निघाला, शिटी नाही. कुत्री वाचली. सूनबाई मात्र अजूनही तिला एकही खेळणं देत नाही. टाक्यांची खूण घेऊन कुत्री माझ्याच पायांवर झोपते, आणि मला हलता येत नाही.

सूनबाई, तुझं बदक चांगलं होतं. शिवण मी उसवली.